कवेलू काढून टिनं टाकतो आहे, टिनाखाली कोणता थर टाकावा?

आर्वीकर
नमस्कार मंडळी. घर ३० बाय १८ फूट, मातीविटांचं, आडं (छताचा माथा) मधोमध आणि दोन पाखी (उतार). मयाल (भिंतीवर टेकलेल्या तुळया) आणि फाटे (उतारावरचे वासे) सागवानी. फाटे दोन-दोन फुटांवर, आड्यापासून वळचणीपर्यंत एकेक १२ फूट ८ इंच. दोन्ही बाजूंना भिंतीबाहेर एक-एक फूट छपरी आहे, म्हणजे छताची लांबी ३२ फूट. फाट्यांवर कमच्या (बांबूच्या पट्ट्या), त्यावर तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) थर, त्यावर देशी कवेलू.

कवेलू फेरणारे आता मिळत नाहीत, वानरं राहिलेले फोडतात. म्हणून ०.५० मिमीचे रंगीत पत्रे टाकायचं ठरलं आहे. अडलं ते खालच्या थराशी. तुराट्या तशाच ठेवून वरून टिनं मारता येतात का? एक दुकानदार बबल फॉइल (बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा चमकता थर) घ्या म्हणतो, दुसरा फोमवालं, आणि गावात सगळे जुना फ्लेक्स अंथरतात. चमकती बाजू वर करायची की खाली? माल किती लागेल? मृगाच्या आधी काम उरकायचं आहे.

साकोलीचा मिस्त्री
तुराट्या पूर्ण काढा जी. कमच्याही काढा. कवेलूखाली तुराट्या टिकतात कारण कवेलूच्या फटींतून वारा खेळतो, भिजलं तरी दोन दिवसांत वाळतं. टिनाखाली ती हवा बंद होते. थंडीत पहाटे टिनाला आतून जे पाणी सुटते ते तुराट्यांत मुरते, मग उधई आणि उंदीर. शिवाय जुना थर कुठं दोन इंच, कुठं चार इंच असतो, त्यावर पत्रा सपाट बसतच नाही. पत्र्याला पोट आलं की स्क्रूचा वायसर एका बाजूनं उचलून राहते आणि पहिल्याच पावसात तिथून थेंब.

लाकूड नुसतं ठोकून पाहू नका. मयालाचं टोक भिंतीत जिथं बसते तिथली माती खरवडा आणि पेचकस टोचून पाहा. सागवान मधे ठणठणीत राहते अन् भिंतीतलं सहा इंच टोक पोकळ झालेलं असते. अर्धा इंच सहज आत गेला तर तेवढा भाग बदला, किंवा भिंतीला लागून खाली टेकण द्या.

मग वळचणीपासून आड्यापर्यंत, पहिल्या आणि शेवटच्या फाट्यावर दोरी ताणा आणि मधले फाटे दोरीशी जुळवा. खाली गेलेल्या फाट्यावर पट्टी ठोकून उचला, वर आलेला रंध्यानं उतरवा. पाव इंचाचा फरक चालते, अर्ध्या इंचाचा नाही.

आता थरांचा क्रम. सगळ्यात जास्त चूक इथंच होते.

फाट्यावर आधी फॉइल, आडवं अंथरलेलं. फॉइलवर प्रत्येक फाट्याच्या बरोबर वर एक उभी पट्टी, १ इंच जाड, दीड-दोन इंच रुंद. त्या उभ्या पट्टीवर आडव्या रिपा, २ इंच जाड. रिपांवर टिन.

उभी पट्टी लोक गाळतात, लाकूड वाचते म्हणून. मग आडवी रिप थेट फॉइलवर बसते, आणि टिनातून गळलेलं किंवा टिनाला सुटलेलं पाणी फॉइलवरून खाली येते ते त्या रिपेला अडते. तिथंच साचते, खिळ्याच्या भोकातून घरात उतरते आणि रिप कुजते. उभी पट्टी असली की रिपेखालून एक इंच वाट मोकळी राहते, पाणी सरळ वळचणीला निघून जाते. त्याच वाटेनं गरम हवाही वर चढते.

भौतिकशास्त्र_वरुड
चमकत्या बाजूबद्दल. उन्हात टिनाचा पत्रा ६५-७० अंशांपर्यंत जातो. त्या तापलेल्या पत्र्याच्या खालून उष्णता मुख्यतः किरणांनी खाली येते. रंग दिलेला किंवा गंजलेला पृष्ठभाग शक्य तेवढ्या किरणांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास बाहेर टाकतो, स्वच्छ ॲल्युमिनियम फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. फॉइलचा सगळा खेळ एवढाच आहे. त्यातला फोम किंवा बुडबुडे चार-पाच मिलिमीटरचे, त्यांचा वाटा लहान.

म्हणून फॉइलच्या चमकत्या बाजूसमोर मोकळी हवा पाहिजे, निदान पाऊण-एक इंच. फॉइल टिनाला चिकटलं तर उष्णता स्पर्शानं उतरते आणि चमक निकामी होते. बाजारात सर्रास पत्र्याच्या पोटाला चिकटवलेलं फॉइल विकतात. त्याची खालची बाजू चमकती असेल तर तेवढी कामाची, वरची नाही.

एकाच बाजूला चमक असलेला माल असेल तर चमक खाली करा. ऐकायला उलटं वाटतं, पण वरच्या बाजूवर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ दोन उन्हाळ्यांत बसते आणि धूळ बसली की परावर्तन गेलं. खालच्या बाजूवर धूळ टिकत नाही आणि ती बाजू खोलीकडे कमी किरणं सोडते. दोन्ही बाजू चमकत्या असतील तर उत्तमच.

आणि पत्र्याचा रंग. गडद निळा, मरून दिसायला छान, पण पांढरा किंवा फिका करडा घेतला तर पत्राच मुळात कमी तापतो. फॉइलवर पैसे घालणार असाल तर रंगात तो फायदा घालवू नका.

फॅब्रिकेशन_पुसद
मिस्त्रींचा क्रम लाकडी छतासाठी बरोबर आहे. लोखंडी पाइपाच्या साट्यावर (सांगाड्यावर) तसं करता येत नाही, कारण आडवे पाइप वेल्ड करावे लागतात आणि वेल्डिंगची एक ठिणगी फॉइलला रुपयाएवढं भोक पाडते. फोमवालं फॉइल असेल तर पेटतं. ओलं पोतं धरूनही ठिणगी कुठं उडेल सांगता येत नाही.

लोखंडी साट्याला असं करा. सगळं वेल्डिंग पूर्ण, सांध्यांना रेड ऑक्साइड, मग पाइपांवर कोंबडीजाळी ताणून बांधा, जाळीवर फॉइल, वर पत्रा. दोन पाइपांच्या मधे फॉइलला इंचभर झोळ द्या, ताणून बसवू नका. पाइपावर फॉइल पत्र्याला दाबलं जाईल, तेवढी पट्टी वाया, पण मधला भाग मोकळा राहतो. झोळ इंचापेक्षा जास्त झाला तर पाणी त्यातच साचतं, हे ध्यानात ठेवा.

पत्रा कापायला ग्राइंडर लावू नका. कडेचा जस्ताचा थर जळतो आणि गरम कण पत्र्यावर चिकटून गंजाचे ठिपके पडतात. पत्रे मापानं कापूनच मागवा, उरलेलं हाताच्या कात्रीनं. स्क्रू मारून झाल्यावर ड्रिलचा बारीक किस त्याच संध्याकाळी झाडून काढा. रात्री दव पडलं की सकाळी प्रत्येक कणाभोवती तांबडा डाग असतो.

पांढरकवडा_शेतकरी
मला वाटते टिनाखाली हे काही नाही लागत. नुसतं टिन टाका आणि खाली पीव्हीसी सिलिंग मारा. दिसायलाही चांगलं.

साकोलीचा मिस्त्री
@पांढरकवडा_शेतकरी भाऊ, सिलिंगनं उन्हाळ्यात फरक पडतो, नाही असं नाही. पण सिलिंग पाणी थांबवत नाही. टिनाला सुटलेलं पाणी सिलिंगवर पडते, तिथून बाहेर जायला वाट नाही, मग पिवळे चट्टे अन् सांध्यातून टपटप. गळती कुठं आहे ते पाहायचं तर सिलिंग उतरवावं लागते. वरचा-खालचा मधला पोकळा म्हणजे उंदरांना आयती जागा, आणि उंदीर आले की मागं साप. सिलिंग करायचंच तर वर फॉइलचा थर टाकल्यानंतर करा, त्याच्या जागी नाही.

आर्वीकर
पटलं. फ्लेक्स आणि ताडपत्रीबद्दल कोणी सांगता का? गावात सत्तर टक्के घरांत तेच आहे.

बल्लारपूर_सागवान
फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड. कवेलूखाली सावलीत असतं तोवर काही वर्षं चालतं. टिनाखाली ते रोज तापतं, त्यातला मऊपणा देणारा अंश उडून जातो आणि घडीवर चिरतं. वासही सुटतो. ताडपत्रीचं तसंच, कडक होऊन खिळ्यापाशी फाटते. दोन्हींना चमक नाही, म्हणजे उष्णता जशीच्या तशी. फुकट मिळतंय म्हणून टाकायचं आणि तीन वर्षांनी पुन्हा सगळे पत्रे उतरवायचे, यात मजुरी दुप्पट जाते.

डांबरी फेल्टही सुचवतात. सपाट स्लॅबवर ते ठीक. टिनाखाली आमच्या चंद्रपूरच्या ४५-४६ अंशांत डांबर मऊ होऊन उतारावर सरकतं. नको.

एक महत्त्वाचं. लाकडाला किंवा बांबूला उधईसाठी मोरचूद असलेलं द्रावण लावणार असाल तर ते लाकूड जस्ती पत्र्याला उघडं लागू देऊ नका. ओलाव्यात तांबं जस्ताला खातं. रिपेच्या माथ्यावर जाड प्लास्टिकची पट्टी टाका, मग पत्रा. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ओला चुना-सिमेंटही पडू देऊ नका. भिंतीच्या वरचा गिलावा आधी, फॉइल नंतर.

मोजमाप_कारंजा
आर्वीकर, तुमच्या मापावर हिशेब करून देतो.

आड्यापाशी दोन्ही बाजूंनी २-२ इंच मोकळं सोडायचं आणि वळचणीला ३ इंच बाहेर काढायचं. म्हणजे १२ फूट ८ इंचाच्या फाट्याला पत्रा पावणेतेरा फुटी. पत्र्याची निव्वळ झाकण रुंदी १ मीटर धरली तर ३२ फुटाला एका पाख्यावर १०, एकूण २० नग. दुकानदाराला एकूण रुंदी विचारू नका, चढाव (एक पत्रा दुसऱ्यावर येतो तो भाग) सोडून किती झाकतो ते विचारा.

फॉइलचा रोल १.२ मीटर रुंद, ३० मीटर लांब मिळतो. ३० मीटर म्हणजे ९८ फूट ५ इंच. त्यात ३२ फूट ९ इंचाच्या बरोबर तीन पट्ट्या निघतात, मधे जोड येत नाही. एका पाख्याला चार पट्ट्या, दोन्हींच्या आठ. तीन रोल घ्या, नऊ पट्ट्या होतात, नववी डागडुजीला. चढाव किमान ४ इंच, वरची पट्टी खालच्यावर. तुमच्या मापात चौथ्या पट्टीचा चढाव जवळपास दोन फूट भरेल, तो कापू नका.

उभ्या पट्ट्या: एका पाख्यावर १७ फाटे, दोन्हींचे ३४, एकूण ४३० फूट. आडव्या रिपा पाच ओळी, साधारण तीन-तीन फुटांवर, दोन्ही पाख्यांच्या मिळून ३२० फूट. रिप आणि फाटा जिथं जुळतात अशा जागा १७०, तेवढे ५ इंची स्क्रू.

पत्र्याचे स्क्रू: वळचणीच्या आणि आड्याजवळच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर एक, मधल्या तीन ओळींत एकाआड एक. पाच उंचवट्यांच्या पत्र्याला १९, वीस पत्र्यांना ३८०. सव्वाचारशे घ्या. पत्रा-पत्रा जोडायला लहान स्क्रू दीड-दीड फुटावर आणि रिजसाठी (आड्यावरची पत्र्याची टोपी), मिळून २०० पुरतात. रिज ३२ फूट, चढाव धरून ३५ फूट मागवा.

फॅब्रिकेशन_पुसद
कारंजावाल्यांचा हिशेब चोख. एक भर घालतो, आणि ती फॉइलपेक्षा मोठी आहे.

कवेलूचं छत स्वतःच्या वजनानं बसून असतं. इंग्रजी (मंगलोरी) कवेलू चौरस मीटरला १५ लागतात, एकेक साधारण अडीच किलो. देशी कवेलू तर दुहेरी बसतात. टिनाचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. म्हणजे तुमच्या मयाल-फाट्यांवरचा भार एकदम उतरतो आणि आजवर ज्याला बांधायची गरज नव्हती ते सगळं मे महिन्याच्या वादळात उचललं जातं. नुसता पत्रा नाही, फाट्यांसकट पाखं उडतं. पत्र्याला स्क्रू भरपूर, पण मयाल भिंतीवर नुसता ठेवलेला, असं बहुतेक घरांत असतं.

प्रत्येक मयालाच्या दोन्ही टोकांना २५ बाय ३ मिमीची लोखंडी पट्टी वरून वळवा, बोल्ट मारा, आणि खाली भिंतीत निदान अडीच-तीन फूट उतरवून तिथं आडव्या सळईला बांधून काँक्रीट भरा. मातीच्या भिंतीत वरच्या वर खिळा मारून उपयोग नाही, वरची दोन रांग विटा घेऊन छत उडेल. फाटा आणि मयाल जिथं भेटतात तिथंही पट्टी किंवा आठ गेजची तार दुहेरी पीळ देऊन.

पत्रे मांडायला सुरुवात पूर्वेच्या टोकापासून. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणजे चढावाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला येते.

लाखांदूरची_माय
आमच्याकडं रांधणीत चूल आहे. धुराडं टिनातून वर काढलं आहे. तिथं पण फॉइल चालते का जी? आणि गोठ्यावर टाकावं का?

बल्लारपूर_सागवान
ताई, धुराड्याच्या चारी बाजूंनी निदान एक फूट फॉइल कापून मोकळं ठेवा. बबल असो की फोम, आत प्लास्टिकच आहे, वितळून पेटते थेंब खाली पडतात. चुलीच्या बरोबर वरच्या भागात सिमेंट बोर्ड मारा. धुराडं टिनातून जिथं निघतं तिथं पत्र्याची झालर उताराच्या वरच्या बाजूला पत्र्याखाली आणि खालच्या बाजूला पत्र्यावर घ्या, नाहीतर पाणी नळीच्या कडेनं चुलीत येईल.

विजेच्या तारांचंही पाहा. ॲल्युमिनियम वीज वाहतं. सोललेली तार फॉइलला लागली तर सगळं छत जिवंत होतं. फॉइल लावण्याआधी छतातली सगळी वायर पाइपात घाला आणि अर्थिंग तपासा. हे बाकी कशाहीपेक्षा आधी.

गोठ्याला फॉइल नको. शेणमुताच्या वाफेत अमोनिया असतो, ओलाव्याबरोबर तो ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्ही खातो. गोठ्याला उंची जास्त, आड्यापाशी सहा इंचाची उघडी फट आणि वर थोडी उंच टोपी, एवढ्यानं जास्त फरक पडतो. उन्हाळ्यात टिनावर तणीस (भाताचा पेंढा) अंथरतात, पण ठिणगीचा धोका मोठा आहे. गोठ्याच्या शेजारी चूल असेल तर अजिबात नाही.

वळचण_ब्रह्मपुरी
आर्वीकर, तुमचे कवेलू टाकून देऊ नका. निम्मेअर्धे चांगले निघाले तर निदान झोपायच्या खोलीवर टिनाच्या वर कवेलू मांडा. टिन पाणी अडवते, कवेलू ऊन अडवतात, टिनाला थेट ऊन लागतच नाही. मात्र त्यासाठी टिनावर आडव्या पट्ट्या पाहिजेत नाहीतर कवेलू घसरतात, आणि पट्टीखाली पाणी जायला फट ठेवा. वजन परत वाढते, म्हणून फाटे दोन फुटांपेक्षा दूर असतील तर हे करू नका. पुसदवाल्यांनी सांगितलेली बांधणी तरीही लागतेच.

साकोलीचा मिस्त्री
वळचणीचं काम राहिलं. फॉइलची खालची कड फाट्याच्या टोकाच्या आत संपली तर फॉइलवरचं सगळं पाणी भिंतीच्या माथ्यावर पडते, आणि मातीची भिंत दोन पावसाळ्यांत वरून फुगते. वळचणीला आधी चार इंच रुंद सपाट पत्र्याची पट्टी, पुढची कड खाली वळवून, ठोका. फॉइल त्या पट्टीच्या वर येऊन दोन इंच बाहेर लोंबलं पाहिजे. उभ्या पट्ट्यांच्या मधली एक इंच फट हवेसाठी उघडी राहील, तिथं बारीक जाळी मारा. खार, उंदीर, वटवाघूळ, सगळे त्याच फटीतून शिरतात. आड्यापाशी रिजखाली पण जाळी.

फॉइल फाट्याला बसवताना मोठ्या टोपीचे खिळे, नुसत्या बारीक खिळ्यानं वाऱ्यात फाटते. पट्टी बसेपर्यंत उघडं फॉइल रात्रभर ठेवू नका, एका दिवसात झाकता येईल तेवढंच अंथरा. सांध्यांवर तीन इंची ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, धूळ पुसून मगच. काम सकाळी सहा ते दहा. नंतर फॉइलवरून डोळ्यांत ऊन येते अन् पाय घसरते. काळा चष्मा घाला. पाय फक्त फाट्यावर.

आर्वीकर
सगळ्यांचे आभार. तीन रोल, बांधणीच्या पट्ट्या आणि जाळी यादीत घेतली. शेवटचं एक. पत्र्यासाठी दुकानात ५५ मिमीचे टोकाला ड्रिल असलेले स्क्रू मिळत आहेत. सागवानी रिपेला चालतील ना?

मोजमाप_कारंजा
नाही. ते लोखंडी पाइपासाठी. त्याचं ड्रिलचं टोक लाकूड कोरून काढतं आणि मागच्या बारीक आट्यांना धरायला काही उरत नाही. लाकडासाठी टोकदार, मोठ्या आट्यांचे मागा, ईपीडीएम रबराच्या वायसरसह. उंचवटा २८-३० मिमीचा असतो आणि लाकडात निदान ३५ मिमी गेलं पाहिजे, म्हणून लांबी ६५ मिमीच्या खाली नको. जुनं सागवान कडक असतं, ४ मिमीचं भोक आधी पाडून घ्या, नाहीतर रिप चिरते. वायसर पत्र्याला सगळीकडून टेकला आणि किंचित फुगला की थांबा. आणखी पिळलात तर रबर बाहेर येऊन उन्हात तडकतं.